बॉयलरपुढचा पाट

वडवणीजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याचे त्रिंबकराव हे कार्यकारी संचालक. आयुष्य साखरेत गेलं, तरी त्यांचं बोलणं काही गोड झालं नाही. दरवर्षी हंगामाआधी बॉयलर पेटवायच्या पूजेला कामगारांपैकीच एक जोडपं बसे. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई हळूच म्हणत, "एकदा आपण बसू की."

"तो मान कामगारांचा. साहेबाचा न्हाई."

मग ओळीनं दुष्काळ पडले. उभा ऊस चारा छावण्यांत गेला, बॉयलर दोन हंगाम थंडच राहिला आणि कारखाना दूरच्या एका मोठ्या कारखान्यात विलीन करायचं ठरलं. त्या लोकांना यंत्रं हवी होती, माणसं नको होती. त्रिंबकराव हटून बसले, "सगळे कामगार घ्या, तरच ठराव सभेपुढं ठेवतो."

शेवटी मोठ्या कारखान्याचे लोक तयार झाले. "पण साहेब आमच्याकडं एक आहेत. दुसरे कशाला?"

त्रिंबकरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि होकारार्थी मान हलवली.

पुढं पाणी झालं, ऊस आला. जुना बॉयलर पुन्हा पेटवायच्या पूजेला त्रिंबकराव गर्दीत मागं उभे होते. फिटर गहिनीनाथनं येऊन त्यांचा हात धरला.

"चला, पाटावर बसा."

"अरे, तो मान कामगारांचा हाय."

"मंग? तुमी आता कुठं साहेब ऱ्हायलात?"

सगळे हसले. त्रिंबकरावही हसायला गेले, पण जमलं नाही. गहिनीनाथनं त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं. चंद्रभागाबाईंनी त्या उपरण्याला आपल्या पदराची गाठ मारली.

"बसा आता," त्या म्हणाल्या, "लई वर्षं थांबले मी."