एका माणसाचा तंबू

मला एकट्याने डोंगरात भटकायचं होतं, म्हणून हलका आणि परवडणारा तंबू घ्यायला बोईसरला गेलो. पाण्याचा थेंब आत येणार नाही, हे दुकानदाराने इतक्यांदा सांगितलं की मी वैतागलो. पावसाला कोण घाबरतंय? मी तंबूत शिरून वर छताकडे बघत बसलो: हा अंगावर पडला तर लागेल का? भूकंपाच्या धक्क्यांनी आमच्या घराच्या भिंती तडकल्या, तेव्हापासून कुठल्याही छपराखाली मला हेच सुचतं. शेवटी सगळ्यांत हलका, एका माणसाचा तंबू घेतला.

वाणगावला घरी आल्यावर तो अंगणात उभा केला. आई बाहेर आली. धक्क्यांच्या त्या हिवाळ्यात आम्ही सगळे घर सोडून तंबूत झोपायचो. तिच्या लेखी तंबू त्यासाठीच असतो. तिने वाकून आत पाहिलं. मी डोंगराचं सांगणार, तेवढ्यात पायाखालची जमीन गुरगुरली. घरात फळीवरची ताटं वाजली. आईने माझा दंड घट्ट धरला, पण नजर तंबूवरून हलली नाही.

"यात तू एकलाच मावशील," ती म्हणाली. "आन आमी?"