भावाच्या डब्यातली गोळी

आत्याचं खरं नाव त्या धुलाईघरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी भाची तिला सोडायला आली आणि जाता जाता "आत्या, जेवायला विसरू नकोस," एवढंच म्हणाली. तेवढ्यावरून तिथल्या बायका धरून चालल्या, की हिचं नाव आत्या. निरनिराळ्या देशांतून आलेल्या त्या बायका, वरचा मुकादम, चादरींची गाडी ढकलणारा म्हातारा, सगळेच तिला आत्या म्हणू लागले. तिनेही कधी दुरुस्त केलं नाही. "एवढ्या भाचरांना नाव सांगत बसले तर इस्त्री कोण करील?" असं ती घरी भावाला सांगायची आणि स्वतःच हसायची.

धुलाईघर होतं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात. वर काय चालतं ते तिथे कपड्यांवरून कळायचं. आत्याकडे डॉक्टरांच्या कोटांची इस्त्री होती. वाफेचं झाकण खाली दाबायचं, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज व्हायचा आणि कोट कोऱ्या कागदासारखा बाहेर यायचा. माणसं तिने पाहिली नव्हती, पण कोट ओळखीचे होते. एकाच्या बाहीला नेहमी शाई, एकाच्या कॉलरला अत्तराचा वास. एका तरुण डॉक्टरचा डावा खिसा सतत उसवायचा. शिवणं तिच्या कामात नव्हतं, तरी ती दोन टाके घालून द्यायची. उसवलेलं बघून तिला पुढे जाता येत नसे.

ती या देशात आली ती चार महिन्यांसाठी. भाऊ इथे बसच्या डेपोत मेकॅनिक. वहिनी गेली तेव्हा भाची एवढीशी होती, बुटाची नाडी बांधता येत नव्हती. चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. तिकडची भाड्याची खोली सोडली, भांडी शेजारणींना वाटून टाकली. दीर्घ मुदतीचा व्हिसा दरवर्षी नवा करायचा आणि त्यासोबत आरोग्य विम्याची पॉलिसी जोडायची, असा इथला नियम. पॉलिसी नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर परतीचं विमानाचं तिकीट. परदेशी माणूस आजारी पडला तर त्याचा भार आमच्यावर नको, असं सरकारचं म्हणणं. आत्याला ते पटलं होतं. पाहुण्याने आपलं अंथरूण बरोबर आणावं, त्यात गैर काय? दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जायचा आणि ती एकदाही डॉक्टरकडे गेली नव्हती. तरी कापला गेलेला आकडा पाहून तिला मनातून बरंच वाटायचं. इथे आपली मुळं आहेत याची ती तिच्यापुरती पावती होती.

आता त्या घरातल्या एका सवयीविषयी सांगायला हवं. स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्यांची औषधं एकत्र असत. भावाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, भाचीची सर्दीची, कुणीतरी गावाकडून येताना आणलेली पित्ताची, कशाची ते कुणालाच न आठवणारी एक पिवळी. ज्याला जे दुखेल त्याने डबा उघडायचा. डॉक्टरने एकाला दिलेलं औषध म्हणजे साऱ्या घराला दिलेलं, अशी आई-वडिलांच्या वेळेपासूनची समजूत. भाची त्यावरून कटकट करायची. तिला घरात सगळे वकिलीणबाई म्हणत, कारण ती लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालत आली होती. पण आत्या डबा बंद करत म्हणायची, "तुझ्या बापाला लागू पडते ती मला का नाही पडणार? एकाच आईचं दूध प्यायलोय."

त्या दिवशी सकाळी आत्याचं डोकं जड होतं. तिने भावाच्या गोळ्यांतली एक घेतली आणि काही न खाता कामावर गेली. तळघरातला मोठा पंखा आठवडाभर बंद होता. वाफ खोलीतच फिरत होती. दुपारच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोटांच्या ढिगावर बसली ती उठलीच नाही. म्हाताऱ्याने तिला मळक्या चादरींच्या गाडीत घातलं आणि लिफ्टने वर नेलं. शुद्धीवर आली तेव्हा अंगावर चादर होती. तिची घडी तिने ओळखली. धुलाईघरातल्या शेजारणीच्या हातची, एक कोपरा नेहमी आत गेलेला.

समोर डावा खिसा उसवलेला तोच कोट होता. त्याच्यातला डॉक्टर अगदी पोरसवदा. त्याने विचारलं, काही औषध घेता का? भाची ऑफिसातून धावत आली होती. दुभाष्याचं काम तिच्याकडे होतं. आत्याने तिला सकाळच्या गोळीचं सांगितलं. भाची जरा घुटमळली. आत्याच तिच्यावर डाफरली, की डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवू नये, एवढं आजोबांनी शिकवलंय, सांग नीट. भाचीने एक शब्द न गाळता सांगितलं. डॉक्टर संगणकावर टाइप करत राहिला. आत्याचं ब्लडप्रेशर नीट होतं, हृदय नीट होतं. उष्मा आणि रिकामं पोट. सलाइनची एक बाटली लावून संध्याकाळी तिला घरी पाठवलं, आणि बिल विमा कंपनीकडे.

महिन्याभराने विमा कंपनीचं पत्र आलं. भाचीने ते उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. रुग्णालयाच्या नोंदीत 'ब्लडप्रेशरचं औषध घेते' असं आहे. औषध घेते म्हणजे रोग आहे. रोग आहे आणि पॉलिसी घेताना सांगितला नाही, म्हणजे लपवला. लपवला म्हणून पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द. खर्च मिळणार नाही, भरलेले हप्तेही परत मिळणार नाहीत.

आत्याला आधी हसू आलं. चूक झाली असेल, सांगितलं की सुधारतील. व्हिसाची मुदत दोन महिन्यांवर आली होती, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी भाचीला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली.

काचेची खोली, गुबगुबीत खुर्च्या आणि भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. टेबलापलीकडचा माणूसही हसत होता. 'वाईट वाटतं' म्हणतानाही त्याचं हसू हलत नव्हतं. भाचीने तिथेच त्याचं नाव हसरेसाहेब ठेवलं. आत्याने त्याला इथल्या भाषेत तोडकंमोडकं समजावलं, की गोळी तिची नव्हती, भावाची होती, एकच घेतली, तीही त्याच दिवशी.

"पण दुसऱ्याची गोळी कोण घेतं, बाई?" हसरेसाहेबांनी विचारलं.

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. ते ज्या घरात राहत असतील तिथे प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या कप्प्यात असतील, प्रत्येक कप्प्यावर नाव असेल. एका डब्यात हात घालणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती आणि जे पाहिलं नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच. आत्याने दंडावरची बाही वर केली आणि म्हणाली, आत्ता मोजा माझं ब्लडप्रेशर. ते हसले. आज काय आहे याला अर्थ नाही, म्हणाले. नोंदीत काय आहे ते महत्त्वाचं.

"म्हणजे मी इथे जिवंत बसलेय ती खोटी आणि तुमच्या संगणकातली खरी?" आत्या म्हणाली. भाचीने भाषांतर केलं आणि स्वतःच्या पदरचे दोन शब्दही घातले. त्यानंतर त्या दोघींना कुणी पाणीही विचारलं नाही.

मग आत्या इस्पितळात वर गेली. इतक्या वर्षांत ती स्वतःच्या पायांनी तळघरातून वर गेली ती पहिल्यांदा. तरुण डॉक्टरला ती आठवत होती. त्याने आपली नोंद उघडली आणि ओशाळला. घाईत 'एकदा घेतली' ऐवजी 'घेते' लिहिलं होतं. जुनं खोडता येत नव्हतं, पण त्याने खाली खुलासा जोडला: रुग्णाला ब्लडप्रेशरचा विकार नाही, गोळी एकदाच घेतली होती, नोंदीतली चूक माझी. सहीसुद्धा केली. आत्या त्याला आशीर्वाद देत खाली आली.

कंपनीने खुलासा परत पाठवला. पॉलिसी रद्द झाल्यानंतरच्या तारखेचा आहे, विचारात घेता येत नाही, फाइल बंद झाली आहे. चूक करणाऱ्याने चूक कबूल केली, जिच्या बाबतीत झाली ती सहीसलामत उभी आहे, आणि तरी फाइल बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरी झालीच नव्हती, हे चोरानेच लेखी दिलं होतं.

उरला एकच मार्ग, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी. भाचीने संगणकावर अर्ज उघडला. वय, उंची, वजन. मग एक प्रश्न आला: यापूर्वी एखाद्या कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली आहे काय? 'हो' असेल तर अर्ज पुढे जात नव्हता. भाचीने करून पाहिलं. पान तिथेच थांबलं, कुणीतरी तोंडावर दार लावावं तसं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिघंही बसली होती. भाऊ तसा अबोल माणूस, बिघडलेल्या इंजिनाशी जास्त बोलायचा. त्याने उठून पत्र्याचा डबा कचऱ्याच्या पेटीत टाकला. आत्याने तो बाहेर काढला, पुसला आणि फळीवर ठेवला. डब्याचा काय दोष, म्हणाली.

"ताई, 'नाही' लिही," भाऊ म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

भाचीचंही तेच म्हणणं होतं. कंपन्या एकमेकींच्या फायली बघत नाहीत, निदान अर्ज घेताना तरी नाही, असं तिने ऑफिसात विचारून आणलं होतं. सगळेच असं करतात. आत्या हे ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. माझ्या बापाने एक खोटी सही नको म्हणून नोकरी सोडली, ती म्हणाली, आणि तुम्ही मला सांगताय सगळेच करतात.

"मग तुला परत पाठवू नका म्हणून मी कुणाच्या पाया पडू, आत्या?" भाची म्हणाली. "मीच सांगितलं ना त्या डॉक्टरला. एक वाक्य गाळलं असतं तर?"

आत्याने भाचीकडे पाहिलं. या पोरीच्या बुटाची नाडी तिने बांधली होती. तिकडे आता खोली नव्हती, भांडी नव्हती, दार उघडणारं कुणी नव्हतं. आणि ही पोर स्वतःला दोष देत बसली होती, खरं बोलल्याबद्दल.

"खरं बोलले तेव्हा खोटारडी ठरले," ती शेवटी म्हणाली. "आता खोटं लिहिलं की खरी ठरणार. बघू या, हेही करून बघू. कुठे बोट ठेवायचं ते दाखव."

तिने 'नाही'वर बोट ठेवलं. चहा व्हायच्या आत पॉलिसी मंजूर झाली. वर अभिनंदनाचा निरोप आणि आणखी एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. जे सत्याला दोन महिन्यांत जमलं नाही ते खोट्याने आधण यायच्या आत करून दाखवलं. व्हिसावर शिक्का बसला. भावाने पेढ्यांचा विषय काढला, तर आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

हप्ता पुन्हा कापला जाऊ लागला, आधीपेक्षा जास्त. पण आता आकडा पाहून तिला बरं वाटत नसे. पॉलिसी वापरायला गेलं तर फायली उघडणार आणि फायली उघडल्या तर 'नाही' बाहेर येणार. म्हणजे पैसे भरायचे आणि आजारी पडायचं नाही. असून अडचण, नसून खोळंबा. आत्याने कानाला खडा लावला, की वर जायचं नाही आणि कुणाला काही सांगायचं नाही.

थंडीत एकदा घरी कढत पाण्याचं पातेलं तिच्या मनगटावर कलंडलं. फोड आले. तिने स्वच्छ फडकं गुंडाळलं, भाचीला दिसू नये म्हणून लांब बाह्यांचं घातलं आणि कामावर आली. एका हाताने वाफेचं झाकण दाबू लागली.

तरुण डॉक्टर दुपारी स्वतःच तळघरात उतरला. हातात कोट होता, खिसा पुन्हा उसवलेला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं म्हणे, की टाके कोण घालतं. तो संकोचत कोट पुढे करणार तोच त्याला फडकं दिसलं. काय झालं, त्याने विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "बरी आहे मी."

त्याने फडकं सोडून पाहिलं आणि वर चला म्हणाला. आत्याने हात मागे घेतला.

"वर नको, साहेब. वर लिहितात."

त्याने फडकं पुन्हा सैलसर गुंडाळलं. मग निघून गेला, आणि परत आला तेव्हा कोटाच्या धड असलेल्या खिशात मलम आणि पट्ट्या होत्या. चादरींच्या गठ्ठ्यावर तिला बसवून, वाफेत, त्याने मनगट धुतलं आणि पट्टी बांधली. म्हातारा दारात आडवी गाडी लावून उभा राहिला, कुणी येऊ नये म्हणून. एवढं मोठं इस्पितळ डोक्यावर उभं होतं, दर महिन्याला हप्ता जात होता, आणि एका डॉक्टरला एका बाईच्या हाताला मलम चोरून लावावं लागत होतं.

पट्टीचं टोक चिकटवताना त्याने सवयीने तोंड उघडलं, "काही औषध घे..." आणि तिथेच मिटलं.

आत्याने त्याचा कोट मांडीवर ओढला आणि चांगल्या हाताने सुई शोधू लागली.