आमच्या घराची खानेसुमारी

तहसिलीतली अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा मला कशी मिळाली, हे आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्षर चांगलं होतं, वही स्वच्छ होती, एवढंच मी सांगितलं असतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आता केस पिकायला लागल्यावर ते उरलेलं लिहून ठेवतो आहे.

दिंद्रुडच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या शाळेत आम्ही दोन मास्तर होतो. मी गावचाच, शेतकऱ्याचा मुलगा. दुसरा आष्टीकडून नवीन आलेला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मानमोडीची साथ येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि निजाम सरकारची खानेसुमारी निघाली. घरागणिक माणसं मोजायची, प्रत्येकाचं वय, जात, धंदा लिहायचा. गावाचे दोन भाग पाडून वरली आळी मला दिली आणि खालची त्याला. आपल्या आळीची गणती आपण करायची नाही असा नियम होता. माझं घर खालच्या आळीत, म्हणून ते त्याच्या वहीत गेलं. ज्याची वही चोख निघेल त्याची तहसिलीतल्या रिकाम्या जागेसाठी शिफारस होणार, असं गणतीवर देखरेख करणारे, तहसिलीतले पेशकारसाहेब सांगून गेले होते. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की त्यालाही ती हवी असेल, हेच मला सोसत नव्हतं.

मी रोज पंधरा घरं उरकायचो. दारावर गेरूनं आकडा घालायचा, उभ्या उभ्या विचारायचं, लिहायचं, पुढं जायचं. वयाला लोक अडायचे.

"कावून इचारता वय? पलटणीत धरून न्यायचंय का?"

"न्हाई हो. नुसतं लिहायचंय."

"मग लिवा की तुमाला पटंल ते. म्हातारा लिवा. म्हातारा दिसत न्हाई का मी?"

मग मीच तोंडाकडे बघून साठ लिहायचो. बाईला तीस, पोराला दहा, सुनेला वीस. कुणी हरकत घेत नसे. माझी वही दिसायला फार सुंदर होती.

तो मात्र दिवसाला पाच घरंसुद्धा करत नसे. बसायचा. ओट्यावर, खळ्यात, मोटेच्या धावेवर, माणूस जिथं असेल तिथं. त्यानं आधी एक वेगळीच वही केली होती. गावात काय काय कधी घडलं ते म्हाताऱ्यांना विचारून त्यानं ओळीनं मांडलं होतं. बारव बांधली ते साल, विजेनं देवळाचा कळस पडला ते, प्लेगात सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं ते, मोठा दुष्काळ, मानमोडी. एकानं सांगितलं की दुसऱ्याला विचारायचा, आणि दोघांचं जुळलं नाही तर पटवाऱ्याच्या दप्तरात जाऊन बघायचा. मग माणसाला नुसतं वय विचारून सोडायचं नाही. कळस पडला तेव्हा तुम्ही गुरं राखत होता की नांगर धरत होता, असं विचारायचं. लोक आठवायला लागायचे, एकमेकांना खोडून काढायचे, हसायचे. निघताना त्याच्या वहीत सदतीस, एक्केचाळीस, तेवीस असे आकडे उतरलेले असायचे.

हे मला कसं माहीत, तर मी त्याच्यावर पाळत ठेवत होतो. माझं काम उरकलं की मी खालच्या आळीत काही ना काही निमित्तानं जायचो. तो कुठल्या ओट्यावर बसला आहे, त्याला ताक कुणी दिलं, हे बघायचो. मी गावात जन्मलो, वाढलो, पण मला असं कुणी बसवून घेतलं नव्हतं. पाटील एकदा माझ्यासमोर म्हणाले, "नवं मास्तर लई ग्वाड माणूस हाय. माझ्या आयनं त्येला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली, मला न्हाई सांगितली कधी." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवशी घरी जेवलो नाही.

तो आमच्या घरी कोणत्या दिवशी येणार ते मला कळलं होतं. शाळा सुटल्यावर मी वरल्या आळीत न जाता मागच्या वाटेनं आमच्या गोठ्यात गेलो आणि बसून राहिलो. गोठा आणि स्वयंपाकाची खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. आई रानात गेली होती. बायको आतल्या दाराशी होती आणि तो बाहेर ओसरीवर. ती कधी कुणा परक्या पुरुषाशी बोललेली मी ऐकली नव्हती.

"वहिनी, वय काय लिहू?"

"घरात चोवीस म्हनत्यात."

"बरं. मोठा दुष्काळ आठवतो का?"

"आठवंल न्हाई तर काय. तरोट्याची भाजी खाऊन त्वांड हिरवं झाल्तं."

"तेव्हा केवढ्या होता?"

"केवढी म्हंजे, पुढचे दात पडल्ते माजे. आय म्हनायची, बरं झालं, चावायला तरी कुठं काय हाय."

तो हसला. मग तीही हसली. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आमच्या. तसं हसणं मी ऐकलं नव्हतं, आणि तिला दुष्काळ आठवतो हेही मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पण तेव्हा मला हे असं सुचलं नाही. तेव्हा एवढंच वाटलं की माझ्या घरातलं काहीतरी तो उचलून नेतो आहे.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, सरळच सांगते. दुष्काळानं मी खुरटल्याली. लग्नात बानं तीन वर्सं चोरली माजी. मी मालकाहून वर्सानं थोरली हाय. सासूला कळालं तर जल्मभर बोलंल. आन् मालकाला तर न्हाईच कळू देनं."

"वहीतलं वहीत राहतं, वहिनी. साहेबानं विचारलं तरी तुम्ही काय सांगितलं ते मी तोंडानं सांगणार नाही."

त्यानं सत्तावीस लिहिले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

आठ दिवसांनी पेशकारसाहेब आले. चावडीत सतरंजीवर बसून त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. भला म्हातारा माणूस, तोंडात पान, बोलणं दख्खनी. माझ्या वहीवरून बोट फिरवत म्हणाले, "माशाल्ला, साफ है." मग त्याच्या वहीवर थांबले.

"मास्टर, लोगां बीस बोलते, तीस बोलते. ये सैंतीस कौन बोलता? मेरेकू मेरी उमर बराबर नै मालूम."

त्यानं आपली सालांची वही पुढं केली आणि समजावून सांगितलं. साहेब ऐकत गेले. मध्येच त्यांनी त्याला त्यांचं स्वतःचं वय काढायला लावलं. कुठल्या नवाबाची वरात बघितली, तेव्हा मिसरूड फुटली होती का, असं विचारत त्यानं ते काढलं. साहेब खूश झाले. "अरे, मैं तो दो बरस जवान निकला." त्यांनी माझी वही मिटली आणि त्याची वही मांडीवर घेतली.

ती जागा त्या क्षणी माझ्या हातून गेली होती. मी म्हणालो, "साहेब, त्यात माझं घर आहे. तेवढं बघा."

त्यांनी वहीतलं आमच्या घराचं पान काढलं. मी म्हणालो, "माझी बायको चोवीस वर्षांची आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. यांनी सत्तावीस लिहिलंय. माझ्या घरातलं मला कळत नाही काय? बाकीचंही असंच घरी बसून लिहिलं असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो आता काय बोलणार नाही, हे चावडीतल्या सगळ्यांत एकट्या मला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर मी बोललो होतो.

"बोलो मास्टर," साहेब म्हणाले, "सत्ताईस किदर से लाए?"

"ते मला सांगता येणार नाही."

"कायकू नै?"

"सांगता येणार नाही, साहेब. पण आकडा खरा आहे."

साहेबांना वाईट वाटलेलं दिसलं. ते उठले, म्हणाले, घर जवळच आहे, बाईंनाच विचारू. आम्ही तिघं आमच्या दारात गेलो. ती दाराआड उभी राहिली. आई ओसरीवर गहू निवडत होती. साहेबांनी अदबीनं विचारलं. मी मोठ्यानं म्हणालो, "सांग की, चोवीस ना?"

"मालक सांगत्याल तेवढं," ती म्हणाली.

साहेबांनी त्याच्या वहीवर आडवी रेघ मारली. पुन्हा लिहून दे म्हणाले. लोकांनी सांगितलं तेच मी लिहिलं, दुसरं लिहिणार नाही, असं तो म्हणाला. मग नियम बाजूला ठेवून खालची आळीही मलाच दिली, आणि मी ती चार दिवसांत उरकली. वीस, पंचवीस, तीस. सहा महिन्यांनी मला तहसिलीत जागा मिळाली. त्याची बदली आधीच दूरच्या एका वाडीवर झाली होती, जिथं शाळा म्हणजे देवळाची पडवी. जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. माझ्याशी दोन शब्द सरळ बोलला. बायकोनं मला न विचारता त्याला वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एवढं सगळं माझ्या पदरात पडलं होतं, तरी त्या दोन भाकऱ्यांवरून मी कितीतरी दिवस जळत होतो.

तहसिलीत मी पुढं दोन खानेसुमाऱ्यांचे कागद हाताळले. गावोगावच्या वह्यांत वीस, तीस, चाळीस यांच्या रांगा लागलेल्या असतात. मधली वर्षं जणू कुणाच्या वाट्याला आलीच नाहीत. त्या रांगांवर मी सही करतो. चार वरिष्ठांनी आजवर माझं काम वाखाणलं आहे.

घरात तिनं मला त्यानंतर आपणहून काही सांगितलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर उत्तर असायचं. भाजी काय करणार, तुम्ही सांगाल ती. पोरीचं नाव काय ठेवायचं, तुम्हाला आवडेल ते. तिचा बाप गेला तेव्हा रडलीही ती माहेरी जाऊन.

आई वारल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, त्या दिवशी मी गोठ्यात होतो. तुझं सगळं मी ऐकलं होतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बैलं रानात गेल्ती. मास्तर उठून गेल्यावर रिकाम्या गोठ्यात खोकलं कोन, एवढं कळतंय मला."

"मग दारात खरं का नाही सांगितलंस?"

"सासू बसल्याली. आन् तुमी तोंडावर इचारलं, चोवीस ना म्हून." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "मला वाटलं मागनं सायबाला तुमीच सांगचाल. ऐकलं व्हतं की तुमी."

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली. ती बरं म्हणाली. मग सूप झटकताना तिनं विचारलं, "ते मास्तर आता कुठं असत्याल?"

तिनं आपणहून मला इतक्या वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि तो त्याच्याबद्दल होता. छातीत तीच जुनी कळ आली, पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला. त्याचं गाव मला ठाऊक होतं. शाळांच्या कागदांत त्याचं नाव वर्षातून एकदा माझ्या हाताखालून जातं. तो कपिलधारच्या वाटेवरच्या एका गावात आहे, तिच्या माहेरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर.

"न्हाई ठावं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि तांदूळ आत नेले.