तिन्ही पट्ट्या रिकाम्या

गेमवाल्यांनो, आज दुपारी विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

माझा मावसभाऊ सागर कोरेगावहून आला होता. मॉन्स्टर पकडायचा हा मोबाईल गेम मला त्यानंच शिकवला. पकडलेल्या मॉन्स्टरच्या अटॅक, डिफेन्स, स्टॅमिना अशा तीन पट्ट्या बघायच्या. भरलेल्या असल्या तर ठेवायचा, नाहीतर लगेच सोडून द्यायचा. "कचरा कशाला सांभाळायचा रं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आज सकाळी त्याची सैन्यभरती होती. चार वर्षं पहाटे उठून पळाला होता पोरगा. पळण्यात पास झाला, पण छाती फुगवून अर्धा सेंटीमीटर कमी भरली. आता वय निघून गेलं, पुन्हा संधी नाही.

चहा पिता पिता त्यानं एक मॉन्स्टर पकडला. मी सवयीनं वाकून बघितलं. तिन्ही पट्ट्या जवळजवळ रिकाम्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "लय बेकार हाय. सोड."

सागरचं बोट बटणावर तसंच थांबलं.

"सोडून दिल्यावर ह्ये समदे कुठं जात्यात रं?"

 त्यानं तो मॉन्स्टर ठेवला, अर्धा चहा तसाच टाकला आणि स्टँडकडं निघाला.

तो आत्ता एसटीत आहे. भरतीचं त्यानं घरी अजून सांगितलेलं नाही. मी आजवर शेकड्यांनी सोडलेत, कधी हा विचार केला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. तो घरी पोचायच्या आत मला त्याला काहीतरी उत्तर द्यायचंय.