यल्लव्वाची टर्की
घशाच्या कॅन्सरवरचा रेडिएशनचा शेक संपला, तरी जयसिंगच्या पोटात अन्न जाईना. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत त्याच्या बायकोनं, यल्लव्वानं, पेज केली, मुगाचं कढण केलं, पांढरा रस्सा केला. तो चमचा ओठाला लावायचा आणि तोंड फिरवायचा. "सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. यल्लव्वाच्या भावालाही नळी घातली होती. तो घरी परत आलाच नाही.

"अवो, काय खाशीला? सांगा तरी," तिनं हात जोडले.

"टर्की," जयसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अख्खी भाजल्याली."

उमेदीत तो मालवाहू जहाजावर आचारी होता. नाताळला कप्तानासाठी टर्की भाजायचा. यल्लव्वानं तो पक्षी फोटोतच बघितला होता. पण तिचा मावसभाऊ पिराजी हातकणंगल्यात कोंबड्यांबरोबर टर्कीही पाळायचा. तिनं त्याला निरोप धाडला, आणि रविवारी सकाळीच तो साफ केलेली टर्की घेऊन दारात उभा राहिला.

मुलीचा, श्रुतीचा, केकचा ओव्हन होता. टर्की त्यात मावेना. तंगड्या बाहेर, दार लागेना. बेकरीवाल्यानं हात झटकले, "भट्टीत मटण-बिटण न्हाय घालत, मावशी." मग यल्लव्वानं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं. थोड्याच वेळात घरभर करपट धूर. पाठ काळी पडलेली, आणि सुरी खुपसली तर आत रक्त. ती फरशीवर मटकन बसली. "एवढंबी जमंना मला!"

जयसिंग भिंत धरत बाहेर आला. "पातळ बुडाचं घेतलंस व्हय? जाड डेग आण की. आत अडणी ठिव, मांस बुडाला टेकाय नको. आन् निखारा झाकणावरबी पायजे."

पिराजीनं मांडववाल्याकडनं डेग आणली. दारात विटा मांडल्या, कोळसा पेटवला, तीच टर्की आत ठेवली. जयसिंग खुर्चीत बसून नजर ठेवून होता. यल्लव्वा झाकणाला हात लावायला गेली की ओरडायचा, "उघडू नगं! वाफ जाती." उन्हं कलल्यावर म्हणाला, "मांडीत सुरी घाल. पाणी कसं आलं?"

"पांढरं. रगात न्हाई," ती म्हणाली.

त्यानं एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यानं तो टॉवेलात काढला.

"जाईना गं."

श्रुती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"मिक्सरला लावते, पातळ करते, रस काढून देते..." यल्लव्वा बोलतच राहिली.

"यल्ले, बास." त्यानं एक तुकडा तोडून तिच्यापुढं धरला. "तूबी जेवली न्हाईस. खा."

ती रडत रडत चावू लागली.

"मीठ?" त्यानं विचारलं.

"जरा कमी हाय."

सोमवारी नळी बसली. बसवताना यल्लव्वानं त्याचा पाय घट्ट धरून ठेवला होता. आता ती गाळलेलं सूप नळीतून सोडते, तेव्हा दाराकडं तोंड करून बसते, म्हणजे त्याला तिचा चेहरा दिसत नाही. नळी किती दिवस, हे तिनं डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.