साहेबांची राखीव यंत्रं

परदेशातून इथं फोन लावला की बोलणाऱ्याला आपलाच आवाज क्षणभरानं परत ऐकू यायचा. तो दाबून टाकणारी यंत्रं, म्हणजे एको कॅन्सलर, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोजकीच होती. ती सगळ्यांत मिळून वापरायची. लांबचा फोन आला की एक घ्यायचं, बोलणं संपलं की ते पुढच्यासाठी मोकळं. गावातल्या गावात फोन असेल तर लागतच नाही. इतकी साधी गोष्ट आमच्या साहेबांच्या डोक्यात कधी शिरली नाही. तिथं जागाच नव्हती.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्यांनी बरीचशी यंत्रं स्वतःच्या आणि इतर अधिकाऱ्यांच्या फोनांना कायमची बांधून ठेवली. उरलेली अडकली की बाहेरून येणारा फोन यंत्राविना तसाच जोडला जायचा. "माझा आवाज कसा खणखणीत जातो बघा," असं वर ऐकवायचे. जायचा कुठं, तर गावातल्याच सात रस्त्याला, नाहीतर खालच्या कँटीनला. यंत्र इथल्याचा आवाज सुधारत नाही, लांबून बोलणाऱ्याचा त्रास वाचवतं, हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी त्या कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. मला त्या माणसाची कीव कधीच आली नाही, नुसती किळस आली.

मग होटगीच्या एक मावशी तक्रार घेऊन आल्या. लेक मस्कतला, पहिलटकरीण, जवळ आपलं माणूस नाही.

"दोन शब्द बोलती आन ठिवती की. म्हणती, आई, माजंच बोलणं माज्या कानात येतंय. मला तर समदं नीट ऐकू येतंय."

"तुम्हाला येतंय ना? मग तक्रार कसली?" साहेब म्हणाले, आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसले.

त्याच दुपारी मी राखीव यंत्रं सोडवून सगळ्यांसाठी मोकळी केली. साहेबांना पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांचा आवाज खणखणीतच जात होता.

काही दिवसांनी मावशी शेंगाचटणीची पुडी घेऊन आल्या. साहेबांनी ती हक्कानं आपल्याकडं ओढली. मावशी मात्र माझ्याकडं बघून बोलल्या.

"काल लेक पोटभर रडली बगा. आदी तिला रडता बी येत न्हवतं. सोताचंच रडणं ऐकू यायचं."

साहेबांनी फोन उचलला आणि कँटीनला चहा सांगितला.