तीन शर्टांची प्रानोम

प्रानोमच्या अंगणातल्या दोरीवर तीन शर्ट वाळत असायचे. फिकट निळा आरोग्य खात्याचा, खाकी पशुसंवर्धनाचा आणि पिवळा ग्रामपरिषदेचा. इकडे थायलंडच्या ईसान भागात प्रत्येक खात्याला गावात आपला स्वतःचा स्वयंसेवक हवा असतो, आणि ‘नाही’ म्हणता न येणारी बाई गावात एकच असते. ती कधी घरोघरच्या रांजणांत डासांच्या अळ्या बघायची, कधी कोंबड्या मोजायची, कधी म्हाताऱ्यांना हातपाय हलवायला लावायची. म्हाताऱ्यांत मीही आले. मी शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली. सगळं गाव मला बाई म्हणतं.

तिचा नवरा थोंगयोय ओट्यावर बसून चिकट भाताच्या टोपल्या विणायचा आणि विचारायचा, “आज कोणती बायको घरी आहे? निळी असेल तर बाटली लपवतो.”

“खाकी आहे. शेपूट आत घे.”

उन्हाळ्याच्या तोंडाशी पलीकडच्या तालुक्यात पिसाळलेलं कुत्रं चावून एक माणूस गेला, तेव्हा आमच्याकडच्या साहेबांना जाग आली. एकट्या एका खात्याचं ते काम नव्हतंच. कुत्र्यांची लस पशुसंवर्धनाकडे, माणसांची आरोग्याकडे, गाडी आणि जाळी परिषदेकडे. आणि विहारातले कुत्रे कुणाचेच नाहीत. नकोशी पिल्लं लोक विहाराच्या दारात सोडून जातात. मारल्याचं पाप नको आणि पाळल्याचा ताप नको. म्हणून तिन्ही खात्यांची एकत्र बैठक झाली. विहार समितीवर असल्यामुळे मी तिथे होते. प्रानोम माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत.

“आरोग्याकडून एक स्वयंसेविका,” पहिले साहेब म्हणाले.

“आमच्याकडूनही एक.”

“परिषदेची एक धरा.”

“म्हणजे तिघी,” अध्यक्ष म्हणाले. “याला म्हणायचं सहकार्य.”

टाळ्या झाल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

“अगं, सांग की, तू एकटीच आहेस,” मी कुजबुजले.

“नको बाई. सगळ्यांसमोर साहेबांचं तोंड पडेल.”

“पडू दे. उचलतील.” मी उठायला गेले तर तिनं माझी बाही अशी खेचली की मी खुर्चीत आदळले. दुसऱ्याचं तोंड पडू नये म्हणून आपली माणसं काय काय गिळतात, ते मला उभ्या जन्मात उमगलं नाही.

ठरल्या दिवशी गुरांचे डॉक्टर लसीची बर्फाची पेटी घेऊन विहारात आले. भटक्या कुत्र्याला टोचायचं तर दोघांनी जाळी ताणायची आणि तिसऱ्यानं कुत्रं दाबून धरायचं.

“बाकीच्या दोघी कुठायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“येतायत,” प्रानोम हसून म्हणाली.

कोण येणार होतं? भाताच्या गोळ्यावर जवळ येणारी गरीब कुत्री तिनं एकटीनं धरली. भंतेंच्या कुटीखाली व्यालेल्या कुत्र्या दात दाखवून पसार झाल्या. पेटीतला बर्फ पाणी होत चालला होता आणि डॉक्टरांना पुढचा विहार गाठायचा होता. निम्मी कुत्री राहिली. वर कळवताना तिन्ही खात्यांनी काम पूर्ण म्हणून कळवलं. मग विहाराच्या दारावर लावायला मोठा फलक आला, ‘येथील कुत्रे सुरक्षित आहेत.’ तो प्रानोमनंच बांधला. फलक वाचून लोक आणखी पिल्लं आणून सोडायला लागले.

सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा सण होऊन बरेच दिवस झाले होते. एका सकाळी थोंगयोयनं विणत असलेली टोपली खाली ठेवली. “अंगठ्याला मुंग्या येतायत,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला रस्सा गिळवेना. प्रानोमनं पाण्याचा पेला पुढे केला, आणि त्याचा गळा असा आवळला की पेला तिच्या हातून पडला. निळ्या शर्टाच्या शिक्षणात तिला हे दाखवलेलं होतं. तिनं त्याचा अंगठा धरला, उलटा करून पाहिला. पांढरी पडलेली बारीकशी खूण होती.

मोठ्या दवाखान्यात त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसत नव्हता. आम्ही दोघी पंखा बंद करून घामात बसलो होतो.

“कधी चावलं?” तिनं विचारलं.

“सणाआधी. विहार झाडताना. एवढंसं पिल्लू गं, नीट दातही नव्हते. दारूनं धुतलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सुई घ्यायला गेलो असतो तर लोक काय म्हणाले असते? बायको फलक लावते आणि नवरा सुई घेतो. तुझी लाज गेली असती.”

तिनं त्याचा अंगठा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, “निम्म्याच कुत्र्यांना टोचलं होतं.”

“तिघी होतात ना तुम्ही?”

“मी एकटीच होते.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या मीच.”

त्याला हसू आलं. हसण्यानंच गळा पुन्हा आवळला, आणि मला नर्सला बोलवायला धावावं लागलं. त्यानंतर तो शुद्धीतलं काही बोलला नाही. या दुखण्यावर औषध नाही. औषध फक्त आधी असतं.

दहनाच्या आदल्या दिवशी तीन खात्यांच्या तीन गाड्या गावात एका रांगेत आल्या. सगळ्या आळीला सुया दिल्या, एकूण एक कुत्रं धरलं, फलक काढून नेला. माणूस गेल्यावर ही रांग जमते.

दहनाला मात्र एकही साहेब आला नाही. प्रत्येकाला वाटलं, आपली स्वयंसेविका तिथे आहेच. भोंग्यावरचा माणूस रिवाजाप्रमाणे शवपेटीवर भिक्खूंना द्यायचं चीवर ठेवायला मानकऱ्यांना एकेक करून बोलावत होता.

“आरोग्य खात्याचे प्रतिनिधी.” प्रानोम उठली, चीवर ठेवून आली.

“पशुसंवर्धनाचे प्रतिनिधी.” ती पुन्हा उठली. पायऱ्या चढून दुसरं चीवर ठेवून आली.

“ग्रामपरिषदेचे प्रतिनिधी.”

ती बसून राहिली. भोंगा पुन्हा बोलला. लोक माना वळवून तिच्याकडे पाहायला लागले. शेवटी तिच्याऐवजी मीच उठायला गेले. तिनं माझी बाही धरली, बैठकीत धरली होती तशीच.

“बसा बाई,” ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तिसरी कुणी नाहीये.”